खड्डा सरकारही खणेल, पाणी कोण वाटणार?

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी माण तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून बघतेय, होळी झाली की विहिरी तळाला जातात आणि टँकरची वाट बघणं सुरू होतं. टँकर आला की भांडणं ठरलेली. पोरी शाळा बुडवून हंड्यांच्या रांगेत उभ्या राहतात.

आमच्या बचत गटातल्या काही जणींनी यंदा ठरवलं, की उन्हाळ्यात डोंगराच्या अंगाला श्रमदान करून चर खणायचे, ओढ्यावर दगडी बांध घालायचे. शेजारच्या गावात हे झालंय, आम्ही जाऊन बघून आलो. पण आमच्या गावात विषय काढला आणि सगळीकडून खो बसला. सरपंच म्हणाले, "घाई करू नका, जेसीबी मंजूर होतोय." आमचे भावजी म्हणाले, "कर आपण भरायचा, मतं आपण द्यायची आणि खड्डेही आपणच खणायचे? तुम्ही फुकट राबलात की सरकार हात झटकायला मोकळं." त्यांचं बोलणं मला पटत नाही, पण खोडताही येत नाही. शिवाय गावात दोन पार्ट्या. एकीनं हो म्हटलं की दुसरी नाही म्हणणार.

सगळ्यात लागलं ते आमच्याच गटातल्या एका बाईंचं बोलणं. त्यांना जमीन नाही, रोजानं जातात. त्या म्हणाल्या, "आम्ही खणू गं, पण पाणी मुरून भरणार त्यांच्याच विहिरी. आमच्या हंड्यात काय येणार?" मला उत्तर देता आलं नाही.

हे काम आम्ही हाती घ्यावं, की सरकारच्या मागं लागावं? आणि घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

— एक वाचक, तालुका माण


उत्तर

ताई,

त्या बाईंचा प्रश्न तुमच्या पत्रात सगळ्यात शेवटी आला, पण सगळं प्रकरण त्याच प्रश्नाशी येऊन अडतं. भावजींच्या शंकेचं उत्तर त्यामानानं सोपं आहे. ते आधी देते आणि मग बाईंकडे वळते.

भावजींचं निम्मं बरोबर आहे. गावाला प्यायला पाणी मिळणं ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती आपण कुणीही माफ करायची नाही. पण लोकांनी काम हातात घेतलं की सरकार सुटतं, हे आपल्या राज्याच्या अनुभवाशी जुळत नाही. हिवरे बाजारचं नाव त्यांनी नक्की ऐकलं असेल. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं गाव, वर्षाचा पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास. 1989 साली पोपटराव पवारांच्या हाती गावाची सूत्रं आली तेव्हा माणसं पोटासाठी गाव सोडत होती आणि गावात दारूचे गुत्ते होते. पुढं त्या गावानं काय केलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. पण त्या कामाला पैसा कुठून आला, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यातला मोठा भाग सरकारी योजनांचाच होता, रोजगार हमीचा आणि आदर्श गाव योजनेचा. गावानं घाम गाळला, आणि त्याच जोरावर सरकारी पैसा कुठं नि कसा खर्च व्हायचा हे ग्रामसभेत ठरवून घेतलं. काम करणाऱ्या गावाला सरकारकडे मागताना तोंड वर करून बोलता येतं, हे भावजींना सांगा.

रोजगार हमीचंच बघा. 1972च्या दुष्काळात खडी फोडायला, रस्त्यांवर, पाझर तलावांवर लाखो माणसं गेली. "मागेल त्याला काम" ही वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना 1977 साली कायद्यात उतरली. त्यामागं दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे मोर्चे होते, संघटनांचा रेटा होता. पुढं 2005 साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला तो महाराष्ट्रानं पाडलेल्या वाटेवरूनच. लोकांनी एकत्र येऊन सरकारला कामाला लावलं, हीसुद्धा गावकीचीच मेहनत आहे. तिला श्रमदान म्हणत नाहीत, एवढंच.

आता याची दुसरी बाजू. सरकारनं कायदा केला, ठराव केला, म्हणून पाणी मिळतंच असंही नाही. महाडचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं 1923 साली मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळं झालं होतं, आणि तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत जाऊन पाणी प्याले तोवर कुणा अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्याला लागली नव्हती. त्यांना अडवणारं सरकार नव्हतं, गावच होतं. त्या दिवशी मार खाल्ला तो गावातल्याच लोकांचा, आणि कोर्टातला निकाल लागायला 1937 साल उजाडलं.

"लोकसहभाग", "गाव करील ते राव काय करील" असं बोलताना आपण फार भारावून जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. गाव एक झालं म्हणजे न्याय झाला असं होत नाही. गाव म्हणजे कोण, हे आधी विचारावं लागतं. तुमच्या गटातल्या बाईंनी तेच विचारलंय.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. डोंगरावर चर खणले, पाणी मुरलं, तर ते खालच्या शिवारातल्या विहिरींना उतरणार. विहीर ज्याच्या जमिनीत, पाणी त्याचं. 1882च्या इझमेंट कायद्यापासून ही रीत चालत आली आहे, की जमीनमालकानं आपल्या जमिनीखालचं पाणी हवं तेवढं उपसावं. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढं मावेल तेवढंच पाणी, आणि एकाची बोअर खोल गेली की शेजारच्याची विहीर आटते. अशा गावात शंभर माणसांनी उन्हातान्हात पाणी अडवायचं आणि पंपाची ताकद जास्त असलेल्या चौघांनी ते उसाला सोडायचं, हे राज्यात ठिकठिकाणी घडलं आहे. मग पुढच्या उन्हाळ्यात श्रमदानाला कोण येईल?

ताई, माझं म्हणणं इथंच आहे. खणण्याचं काम सरकारला जमतं. यंत्र त्यांच्याकडे आहे, इंजिनिअर आहे, निधी आहे. काम हळू होईल, अर्धं होईल, पण होऊ शकतं. मात्र मुरलेलं पाणी कोणी किती घ्यायचं, कुठलं पीक लावायचं नाही, बोअर कुठं पाडायची नाही, हे सरकारला जमत नाही. कायदे नाहीत असं नाही. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत शेतीसाठी नवी विहीर किंवा बोअर घेता येणार नाही, असा कायदा 1993 सालीच झाला. तुमच्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर उभं राहून चारी बाजूंनी नजर टाका आणि किती बोअर दिसतात ते बघा. तालुक्याचा कुठलाही अधिकारी रोज येऊन त्या मोजणार नाही. शेजारच्यानं शेजारच्याला "भाऊ, इथं नको" म्हणण्याचं काम फक्त गावच करू शकतं, आणि तुम्ही हाती घ्यावं असं मला वाटतं ते मुख्य काम हेच. चर आणि बांध त्याच्या मागून.

हे नवं नाही. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर फडबागायत शतकानुशतकं चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ज्याचं शेत त्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पाणी धरायला बारेकरी, पाटावर लक्ष ठेवायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाण्यावर मालकाचा हात नसला की वरच्या शेतानं जास्त ओढायचं आणि खालच्यानं कोरडं राहायचं हा प्रश्नच येत नाही. हे कुठल्या खात्यानं शिकवलेलं नव्हतं.

बाईंच्या प्रश्नाला सगळ्यात थेट उत्तर दिलं ते पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी. हे पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार. 1972च्या दुष्काळात त्यांनी तिथली खडी फोडणारी माणसं बघितली आणि पाण्याच्या कामाला वाहून घेतलं. नायगावला देवस्थानची 40 एकर माळजमीन 50 वर्षांच्या करारानं घेऊन तिथं पाणी अडवून दाखवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम नीट वाचा, कारण प्रत्येक नियमामागं एक भांडण टाळलेलं आहे. पाणी जमिनीच्या एकरावर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येणार नाही. योजनेच्या खर्चाचा 20 टक्के वाटा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा. आणि भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा हक्क. त्यानं दुसऱ्याची जमीन वाट्यानं करून आपलं पाणी तिथं वापरावं. पुढं यातल्या अनेक उपसा योजना बंद पडल्या, हेही खरं. पण जमीन नसलेल्या बाईच्या नावानं पाणी मांडता येतं, हे तुमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माणसांनी करून दाखवलं आहे.

तुमच्या गावात लगेच शेतीच्या पाण्याचं वाटप होणार नाही. तसा आग्रह पहिल्याच सभेत धरलात तर सभा तिथंच मोडेल. एका हिशेबापासून सुरुवात करा. तो मी इथं मांडून देते, तुमच्या गावाचे आकडे घालून तो फळ्यावर लिहा.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. गावाचं शिवार 1,000 हेक्टर धरा आणि पाऊस 400 मिलिमीटर. म्हणजे वर्षाला 400 कोटी लिटर पाणी तुमच्या शिवारात आभाळातून पडतं. आता माणसांची गरज. जलजीवन मिशननं माणशी दिवसाला 55 लिटर धरले आहेत. गाव 1,500 वस्तीचं असेल तर वर्षाला साधारण 3 कोटी लिटर. चारशेतले तीन. म्हणजे तुमच्या पोरी शाळा बुडवून ज्या पाण्यासाठी उभ्या राहतात ते पडणाऱ्या पावसाच्या एक टक्काही नाही. आणि एका हेक्टर उसाला वर्षाला दीड ते दोन कोटी लिटर लागतं. दोन हेक्टर ऊस अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याइतकं, किंबहुना त्याहून जास्त पाणी पितो.

हा हिशेब कुणाचं नाव न घेता मांडा. अंगणवाडीच्या भिंतीवर मांडा, देवळाच्या पारावर मांडा. पावसातलं बरंचसं पाणी वाहून जातं, उन्हानं उडून जातं, पिकं घेतात, सगळं विहिरीत येत नाही, हेही सांगा, म्हणजे कुणी चूक काढायला जागा राहणार नाही. तरीसुद्धा पाऊस कमी आहे म्हणून टँकर लागतो, ही गावाची समजूत हा आकडा ऐकून हलते. हिवरे बाजारला हेच दरवर्षी होतं: पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, आणि त्यावरून ग्रामसभेत ठरवायचं की रब्बीला काय घ्यायचं आणि काय नाही. याला ते पाण्याचा ताळेबंद म्हणतात. तिथं शेतीसाठी बोअरला बंदी आहे, ऊस-केळीला बंदी आहे, आणि प्यायचं पाणी हिशेबात सगळ्यात आधी बाजूला काढलं जातं. तुमच्या ठरावाचं पहिलं कलम हेच असू द्या: पाणी मुरलं की पहिला हक्क पिण्याच्या विहिरीचा, आणि त्या विहिरीवर सगळ्या वस्त्यांचा सारखा. तुमच्या गटातल्या बाईंना तुम्ही छातीठोकपणे देऊ शकाल असं उत्तर सध्या हे एकच आहे. ते ठरावात लेखी आल्याशिवाय त्यांना खणायला बोलावू नका.

आणखी एक. श्रमदानाची हाक आली की पहिल्यांदा येतात ते राबायची सवय असलेले. ज्यांचा रोज बुडतो त्यांनी फुकट राबायचं आणि ज्यांच्या विहिरी भरणार त्यांनी नारळ फोडून फोटो काढायचा, हे मला मान्य नाही. तुम्हालाही नसावं. जमीन ज्याची जास्त त्यानं तास जास्त द्यावेत, स्वतः येता येत नसेल तर डिझेलचे पैसे द्यावेत. भूमिहीनांनी यावं ते रोजगार हमीच्या मजुरीवर. कामाची मागणी लेखी करा, गटानं मिळून करा, आणि अर्जाची तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका. पोच नसली की अर्ज कधी दिलाच नव्हता असं होतं. गायरानावर चराई थांबवून गवत आलं तर कापणीचा पहिला वाटा भूमिहीन घरांच्या शेरडांना, पाझर तलावात मासे सोडले तर त्यांचा ठेका त्यांच्या गटाला. अशा गोष्टी छोट्या वाटतात, पण आपलंही यात काहीतरी आहे हे माणसाला दिसावं लागतं.

सरपंचांच्या जेसीबीला नाही म्हणू नका. यंत्र येतंय तर येऊ द्या, फक्त ते कुठं लागणार हे ग्रामसभेत ठरवून घ्या. बहुतेक ठिकाणी यंत्र थेट ओढ्यात उतरतं, कारण ते सोपं असतं आणि खोल रुंद झालेला ओढा डोळ्यांना दिसतो. पण वरचा डोंगर उघडा ठेवून खालचा ओढा खोल केला तर दोन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. काम माथ्याकडून पायथ्याकडे यायला हवं: आधी डोंगराच्या उतारावर समतल चर, मग ओघळींत दगडी बांध, शेतांची बांधबंदिस्ती, आणि शेवटी ओढा. डोंगराची बाजू वनखात्याची आहे की गायरान, हे तलाठ्याकडून आधी काढून घ्या. वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी लागते, आणि खणून झाल्यावर नोटीस आली की पुन्हा कुणी फावडं उचलत नाही.

समतल चर सरळ रेषेत नसतात, हे पहिल्यांदा काम करणाऱ्यांना पटत नाही. उतारावर एकाच पातळीची रेषा वाकडीतिकडी जाते आणि चर तिच्यावरच हवा. थोडा जरी कलता झाला तरी पाणी सखल टोकाला गोळा होतं आणि तिथून चर फुटतो. ही रेषा आखायला इंजिनिअर लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधा, पाय फाकवा आणि मध्ये एक आडवी काठी बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडून तिला दगड लटकवा. आता दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीला जिथं लागते तिथं खूण करा. पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर पुन्हा टेकवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधोमध पक्की खूण. यापुढं एक पाय रोवायचा, दुसरा वरखाली सरकवायचा आणि दोरी पक्क्या खुणेवर आली की दोन्ही पायांखाली फक्की टाकायची. ए-फ्रेम म्हणतात याला. गटातल्या दोघी-तिघी एका सकाळीत शिकतील. शाळेतल्या सातवी-आठवीच्या पोरींनाही शिकवा. गणिताच्या पुस्तकातली पातळी त्यांना डोंगरावर दिसेल.

श्रमदानाचं बळ काय असतं हे सांगायला मला तुमच्या तालुक्याबाहेर जावं लागत नाही. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2016 साली तीन तालुक्यांत सुरू झाली, 2018 साली ती 75 तालुक्यांत पोचली, आणि त्या वर्षी राज्यात पहिली आली ती माणमधलीच टाकेवाडी. एकदा तिथं जाऊन बसा आणि खणण्याबद्दल कमी, नंतरच्याबद्दल जास्त विचारा. गाळ कोण काढतं? पीक कोण ठरवतं? पाणी वाढल्यावर बोअर वाढल्या का? त्याच संस्थेनं पुढं समृद्ध गाव स्पर्धा घेतली तेव्हा पाण्याच्या ताळेबंदाला, झाडांना आणि गवताला गुण ठेवले. पाणी अडवणं ही निम्मी गोष्ट आहे हे त्या कामातून गेलेल्या सगळ्यांनाच कळलं होतं.

आता दोन पार्ट्यांचं. गडचिरोलीतलं मेंढा लेखा गाव मतदान न घेता सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेतं, आणि वनहक्क कायद्याखाली 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यांचं मला फार कौतुक आहे. पण ते एकाच समाजाचं गोंड गाव आहे, तुमचं तसं नसणार. तुमच्याकडे सहमतीची वाट बघत बसलात तर पावसाळा येऊन जाईल. निवडणूक जवळ असेल तर ती होऊ द्या. मग दोन्ही बाजूंची एकेक म्हातारी माणसं, ज्यांचं घरात चालतं अशी, हिशेब मांडायच्या आधी घरी जाऊन भेटा. सभेत पहिल्यांदा ऐकलेल्या गोष्टीला माणूस पार्टी बघून उत्तर देतो. घरी ओसरीवर ऐकलेल्या गोष्टीवर विचार करतो. कामाला कुणा नेत्याचं नाव, फ्लेक्स, झेंडा काही नको. आणि सगळं शिवार एकदम घेऊ नका, एक ओघळ घ्या, जिच्या खाली पिण्याची विहीर येते ती.

नियम मोडणारा निघेलच. कुणीतरी रात्रीतून बोअर पाडेल. त्यासाठी काय करायचं हे आधीच ठरवा: समज, मग पंचायतीच्या सुविधांत कपात नव्हे तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार. त्याला वाळीत टाकायचं नाही, त्याच्या घरी लग्नकार्याला जाणं बंद करायचं नाही. 2016च्या कायद्यानं सामाजिक बहिष्कार गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. गावाच्या हातात हे हत्यार आलं की ते नेहमी सगळ्यात दुबळ्यावर चालतं.

आणि भावजींना काम द्या. सरकारनं करावं असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी सरकारच्या दारात उभं राहावं. रोजगार हमीचे अर्ज, वनखात्याची परवानगी, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून गावच्या विहिरींच्या पातळीची माहिती, मंजूर जेसीबीचे तास आणि प्रत्यक्ष चाललेले तास यांचा मेळ, गरज पडली तर माहिती अधिकाराचा अर्ज. हे हेलपाट्यांचं काम आहे, त्याला चिकाटी लागते आणि ते श्रमदानाइतकंच मोलाचं आहे. त्यांच्या रागाचा गावाला उपयोग होईल.

तुमच्या हातात आत्ता असलेली जागा म्हणजे महिला सभा. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊन झाल्याचं दाखवतात. यंदा ती खरी घ्यायला लावा. पाण्याच्या रांगेत दोन्ही पार्ट्यांच्या बायका एकत्रच उभ्या असतात, त्यामुळे पुरुषांच्या सभेपेक्षा इथं ठराव व्हायची शक्यता जास्त. तीन कलमं पुरेत. पिण्याच्या विहिरीचा आणि सगळ्या वस्त्यांचा पहिला हक्क. त्या विहिरीभोवती 500 मीटरमध्ये शेतीसाठी नवी बोअर नाही. आणि दर दिवाळीच्या सुमाराला पाऊस नि विहिरी मोजून ताळेबंदाचं जाहीर वाचन. त्यानंतर ग्रामसभेला भरपूर संख्येनं जा, कारण गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात आणि ती भरली नाही या कारणानं विषय पुढं ढकलला जातो. ठराव ग्रामसेवकांकडून तिथल्या तिथं इतिवृत्तात लिहून घ्या, तुमच्यासमोर मोठ्यानं वाचायला सांगा, आणि सही-शिक्क्याची प्रत मागून बचत गटाच्या फाइलला लावा.